खाजणारा तट

त्या राज्यात कुणालाच चैन पडत नव्हतं. तट खाजत होता.

भिंतीला कुठं खाज सुटते का, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. त्या राज्यात सुटत होती. पहारेकरी उभ्या उभ्या तटाला पाठ घासायचे, तट पहारेकऱ्यांना घासायचा, आणि मध्येच वरून पाच इवले नांगर येऊन अख्खा तट ओरबाडून जायचे. मग सगळे घटकाभर गप्प. मग पुन्हा सुरू.

राज्य तसं नवं होतं, सहा पौर्णिमांचं. उभं राहिलं त्याच दिवशी त्याला शेजारच्या थोरल्या राज्याच्या उराशी टेकवलं होतं, शिवेला शीव लावून. तेवढ्या वेळात थोरल्या राज्यातली बारकी माणसं गाडगी-मडकी डोक्यावर घेऊन इकडे उतरली. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. तटाच्या वरच्या अंगाला त्यांनी खोपटी घातली आणि लगेच भांडायलाही लागली.

त्यांची म्होरकी ठकूबाई. नावासारखीच होती. तटातून जे तेल पाझरायचं त्यातलं अर्धं ही माणसं खायची, उरलेल्याचा गिलावा मळून तटाच्या फटी बुजवायची. हे त्यांचं काम. आणि काम झालं की पहारेकऱ्यांची खोड काढायची.

खोड काढायची रीत ठरलेली होती. नवा पहारेकरी म्हणजे कोरा भाला आणि गरम डोकं. त्याला तीनदा दचकवायचं. कधी मागून कापसाचं बोंड मारायचं, कधी मानेवर मांजराचा एक केस सोडायचा, कधी फुलातली पिवळी धूळ नाकाशी उडवायची. तो घाबरून शिंग फुंकायचा, सगळे धावत यायचे, बघतात तर कापूस. मग हशा. तिसऱ्या खेपेला तो शिंगाकडे हात न्यायचा, थांबायचा आणि म्हणायचा, "मावशी, पुरे." त्या दिवसापासून तो पहारेकरी झाला असं बारकी माणसं धरायची. पहारेकरी मात्र याला निव्वळ ताप समजायचे.

सुभानराव पहाऱ्याचा नाईक. उमेदवारीत त्यानं मांजराच्या केसावर इतका वेळ शिंग फुंकलं होतं की पागोटं सुटून पायात आलं. पुढं तो नाईक झाला, मिशा वाढल्या, पण ठकूबाई चार माणसांत त्याला मांजऱ्याच म्हणायची. ते त्याला फार लागायचं.

राज्याचा कारभार अंताजीपंतांकडे होता. अंगरख्याला सुरकुती पडेल म्हणून पंत कधी बसत नसत. एक दिवस ते तटावर आले. खोपटी बघितली, तेलकट डाग बघितले, नाकाला उपरणं लावलं आणि सुभानरावाला विचारलं, या लोकांचा काही उपयोग आहे का.

खरं सांगायला तेवढीच वेळ होती. पण त्याच सकाळी ठकूबाईनं त्याला मांजऱ्या म्हणून हाक मारली होती, नव्या भरतीदेखत. सुभानराव म्हणाला, नुसता गलका असतो पंत, पहाऱ्याची अब्रू घालवतात.

दुसऱ्या दिवसापासून पंतांच्या हुकमानं तटावर फेसाचा पाऊस सुरू झाला. दिवसातून तीनदा. त्याला असल्या फुलांचा वास होता जी कुठल्याच झाडाला येत नाहीत. खोपटी वाहून गेली, मडकी गेली, माणसंही गेली. ठकूबाई आणि तिची पाच-सहा माणसं तेवढी दोन गुबगुबीत टेकड्यांमधल्या घळीत शिरून बसली. तिथं फेस नीट पोचत नव्हता.

तट चकाकायला लागला. पंतांनी त्यात तोंड बघून घेतलं. चार दिवसांनी तट सुकला, मग ताणला, मग तडकला. मोकळ्या जागेत सोनेरी पागोट्यांची एक टोळी येऊन बसली. ती तडा दिसला की त्यात बोट घालून मोठा करायची.

इकडे भरती चालूच होती. पण नव्यांना दचकवायला कुणी नव्हतं आणि हसायलाही कुणी नव्हतं. लोकरीचा धागा आला, फुंका शिंग. पराग आला, फुंका शिंग. शिंग वाजलं की आतलं कढत पाणी तटाकडे धावायचं, तट लाल होऊन फुगायचा, आणि मग ती खाज.

अशात सटवाजी आला. हा शेंगदाण्याचा कूट विकायचा. गावोगाव फिरायचा, आणि कुठंही गेला तरी त्याचा रिवाज एकच. वेशीच्या दारानं आत यायचं, उंबऱ्यावर टोपली टेकवायची, पाणी मागायचं आणि मागच्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या सांगायच्या. थोरल्या राज्यात त्याला सगळे ओळखत. पण या राज्याची वेस लांब होती आणि तडा जवळ होता. सटवाजीनं अंग आकसून तड्यात डोकं घातलं. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि कूट सगळीकडे सांडलेला, अशा थाटात तो नव्या पहारेकऱ्यांना सापडला.

तो म्हणाला, उद्या मी दारानंच येणार होतो. ते खरंही होतं. पण भोकात अडकलेल्या माणसाचं खरं कोण ऐकतो? त्याला ढकलून दिलं आणि त्याचा चेहरा प्रत्येक ढालीवर रंगवून घेतला. हजार ढाली, हजार सटवाजी. रंगाऱ्यानं हनुवटीवरचा तीळही सोडला नाही.

आठ दिवसांनी सटवाजी वेशीनं आला. धुतलेलं पागोटं, डोक्यावर भरली टोपली, अगदी रिवाजाप्रमाणे. पहारेकऱ्यांनी ढालीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि हजार शिंगं एकदम वाजली. कढत पाणी उसळलं. वेशीचे खांब सुजायला लागले आणि दार मिटत चाललं. त्या राज्यात वाराही त्याच दारानं आत यायचा, आणि झाडून सगळं त्या वाऱ्यावर चालायचं.

सुभानराव ओरडला की हा शेंगदाणेवाला आहे, थांबा. कुणी थांबलं नाही. शिंग फुंकावं असं काही झालेलं नाही, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. वाऱ्याची शीळ बारीक होत गेली. तट निळा पडला. एकाएकी सगळं राज्य उचललं गेलं, हिंदकळलं, कुणीतरी ते घेऊन धावत सुटलं. मग आभाळातून एक सुई उतरली. खांब सैल झाले. वारा आला.

त्यानंतर सुभानराव एकटाच घळीकडे गेला. ठकूबाई मडक्याचा तळ खरवडत होती.

"ये मांजऱ्या. लई उशीर केलास."

"मावशी, पंतांना मीच सांगितलं. नुसता गलका करता म्हणून."

"मग खोटं कुठं बोललास? गलकाच करतो आमी."

सुभानराव खाली बसला. म्हणाला, "दार पुन्हा मिटलं तर उघडेलच असं नाही. ढालीवरची तोंडं पुसून बघितली. निघत नाहीत."

ठकूबाईनं बोट चाटलं. "पुसू नगंस. बघून बघून कंटाळा येऊ दे त्यांना. सटवाला सांग, टोपली घरी ठेव. अर्धा दाणा घेऊन ये, आन् दारानं ये. ती सुई मातर वर तयार ठिवा. आमाला वर घ्यायचं तेवढं तुझ्या पंताला इचार. मी इचारायला गेले तर मला धुऊन काढंल."

सुभानराव गेला. भर पहाऱ्यापुढं त्यानं मांजराच्या केसाची गोष्ट सांगितली, पागोट्यासकट. नव्या पोरांना हसावं की नाही कळेना. पंत उभेच होते, ते आणखी उभे राहिले.

"म्हणजे घाण हवी म्हणता?"

"घाण नको पंत. ठकूबाई हवी."

पंतांनी बराच वेळ अंगरखा झटकला. मग फेस बंद झाला, साधं कोमट पाणी तेवढं राहिलं. थोरल्या राज्यानं पुन्हा शिवेला शीव लावली, आणि बारकी माणसं नवी मडकी घेऊन उतरली, भांडत भांडत. सोनेरी पागोटी काही हटली, काही अजून दबा धरून होती. गिलावा चढत होता, पण खाज एका दिवसात जात नाही.

सटवाजी रोज यायचा. अर्धा दाणा चिमटीत धरून, उंबऱ्याच्या अलीकडे. पहिल्या दिवशी वीस शिंगं वाजली आणि वेशीजवळ एक लाल चट्टा उठला. सुई वर चमकत राहिली. दहाव्या दिवशी सात वाजली. सुभानराव वेशीतून तटावर आणि तटावरून वेशीत येरझारा घालायचा, आणि ठकूबाई कापूस खोचून कुठंतरी दडलेली असायची.

चाळिसाव्या दिवशी सटवाजीनं अख्खा दाणा आणला.

वारासुद्धा दबकत आत येत होता. हजार ढाली वर उचलल्या होत्या, प्रत्येकीवर तो तीळ. पहिल्या रांगेतल्या पहारेकऱ्यानं छाती भरून घेतली आणि शिंग ओठाला लावलं. सुभानरावानं डोळे मिटले.

"भो," मागून ठकूबाई म्हणाली.

पहारेकरी हातभर उडाला. वळून बघितलं तर म्हातारीच्या हातात बोंड. त्यानं एकदा सटवाजीकडे बघितलं, एकदा ढालीकडे. शिंग खाली घेतलं.

"मावशी, पुरे."

आधी कुठंतरी खोल, राज्याच्या मध्यावर गुदगुल्या झाल्यासारखं हललं. मग जमीन उसळायला लागली, पहारेकरी एकमेकांवर पडले, पंत आयुष्यात पहिल्यांदा बसले. तो हसण्याचा उमाळा वर चढत वेशीशी आला आणि वेस उघडली, कधी नव्हती एवढी. भसकन उजेड आत शिरला. बाहेर थोरलं राज्य इतकं खाली वाकलं होतं की एक भला मोठा ओला डोळा सोडून काही दिसत नव्हतं. आणि खालच्या उंबऱ्यात, कालपर्यंत नुसती मऊ गुलाबी माती होती तिथं, दोन पांढरे शुभ्र दगड वर आले होते, तांदळाएवढे.

सटवाजीनं त्यातल्या एकावर दाणा टेकवला आणि पाणी मागितलं.