खुळखुळ झरा

हा झरा बघा! वीतभर पाणी, पण ऐन वैशाखातसुद्धा कधी आटलेला कुणी पाहिला नाही. याला आम्ही खुळखुळ झरा म्हणतो. पाण्याच्या आवाजावरून नाव पडलं असेल, असं वाटलं ना? छे हो! कान देऊन ऐका, वाहतोय तो अगदी मुक्यानं. खुळखुळली होती ती पिशवी!

फार मागं आम्हा लमाणांचा तांडा बैलांवर मीठ लादून याच घाटानं जायचा, असं सांगतात. त्यात झमकू नावाची नवी सून होती. नव्या सुनेनं मणी, कवड्या, आरसे जडवून एक पिशवी करायची आणि सासूपुढं ठेवायची, ही रीत. झमकूनंही ठेवली. रंग असे की बघतच राहावं! पण सासू हुणकीबाईनं ती उचलली मात्र, कवड्या वाजल्या खुळखुळ. टाके ढिले!

"पिशवी केलीस की पोराचा खुळखुळा?" हुणकीबाई कडाडली. "बांधा ही बैलाच्या गळ्यात! आणि घाट उतरला की हिला माहेरी धाडा."

पिशवी पवळ्या बैलाच्या गळ्यात गेली. झमकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं घाटात दोन दिवस पाणी मिळेना. तिसऱ्या दिवशी भर दुपारी धुळीचं वादळ उठलं आणि पवळ्या दावं तोडून पळाला. बैलाला पाण्याचा वास लागतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण गेला कुठं? हाताला हात दिसेना! "हलू नका, पुढं कडा आहे!" तांड्याचा नायक ओरडला. सगळे जागच्या जागी थिजले.

तेवढ्यात झमकूच्या कानी आलं, खुळखुळ, खुळखुळ! स्वतःचा ढिला टाका ती ओळखणार नाही होय?

"माझी पिशवी! याडी, माझी ओढणी धरा, चला!" याडी म्हणजे आई; सासूला असं म्हणत ती निघालीच. तिच्यामागं सासू, सासूमागं अख्खा तांडा. आणि इथं, अगदी इथंच, पवळ्या तोंड बुडवून पाणी पीत होता म्हणे!

पोटभर पाणी पिऊन हुणकीबाईनं सुईदोरा मागितला. आता ही माझे टाके उसवणार, असं वाटून झमकूनं मान खाली घातली. पण म्हातारीनं स्वतःची पिशवी मांडीवर घेतली, तिची एक घट्ट कवडी उसवली आणि ढिली करून टाचली. माहेरचं नाव पुन्हा निघालं नाही.

आजही आमच्या प्रत्येक पिशवीला एक कवडी ढिली असते. शहरातल्या बाया म्हणतात, "मावशी, हा टाका निघालाय, पक्का करून द्या." घ्या, हलवून बघा. वाजली? मग पक्कीच आहे.