देवीचं मडकं

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे होते, पण ते लांब राहायचे. जंगल मात्र दाराशी होतं. त्या जंगलाच्या कडेला मोहाच्या झाडांनी वेढलेलं एक गाव होतं, आणि त्या गावात कौतिका नावाची कलालीण राहायची. मोहाची फुलं आंबवायची, भट्टी लावायची आणि दारू गाळायची, हे तिचं काम. आता लगेच नाकं मुरडू नका! गोष्टीतली दारू कुणाला चढत नाही. लहानांनीही खुशाल ऐकावं.

तर कौतिकाची दारू म्हणजे काय सांगावं! ओठाला लागली की कान तापायचे. पोटात जाताना कुठवर पोचली तेही कळायचं. हीच भट्टी तिच्या आईनं चालवली होती, त्याआधी आजीनं. कौतिका बाजारातून निघाली की मान अशी ताठ, की डोक्यावरचं मडकं कधी हललं नाही.

त्या गावाची एक रीत होती. दरवर्षी नवी फुलं पडायच्या आधी वनदेवीची जत्रा भरायची. कलालणीनं एक मडकं देवीपुढं आणायचं. पुनाआजी नावाची म्हातारी पुजारीण त्यातली ओंजळभर दारू जाळावर टाकायची. निळी ज्योत उसळली की देवी प्रसन्न. मग ते मडकं सगळ्यांत फिरायचं आणि जो तो घोटभर प्रसाद घ्यायचा. पण ज्योत उठली नाही किंवा देवीपुढं कलालणीची लबाडी उघडी पडली, तर भट्टी विझवायची, तिचे दगड रानात फेकून द्यायचे आणि पुन्हा कधी ती पेटवायची नाही. फुलं देवीची, ती नासवणाऱ्याच्या हाती द्यायची नाहीत, असा साधा हिशेब.

आणि दर्दी किती होते म्हणता! बाजाराच्या दिवशी दुपारकलती सगळे एका जुन्या मोहाखालच्या खडकावर जमायचे. हातात पळसाच्या पानाचे द्रोण आणि तोंडात चर्चा. त्यांचा म्होरक्या तानबा सुतार. तानबानं घोट घेतला, डोळे मिटले, की बाकीचे श्वास रोखून बसायचे.

"हं," तानबा म्हणायचा. "पूर्वेच्या उतारावरची फुलं. पहाटे वेचलेली."

कौतिका गालात हसायची. सगळ्या उतारांवरची फुलं ती एकाच टोपलीत ओतायची. पण म्हाताऱ्याचं सुख कशाला मोडा?

एका वर्षी मात्र ऐन फुलोऱ्यात आभाळ आलं आणि हटलंच नाही. फुलं झाडावरच काळवंडली. एरवी कौतिका फुलं वाळवून वर्षभर पुरवायची, पण या खेपेला कणग्या अर्ध्यासुद्धा भरल्या नाहीत. पिणारे मात्र वाढले होते. तिचं नाव ऐकून डोंगरापलीकडचेही येऊ लागले होते.

कौतिका कणगीशी उभी राहून विचार करू लागली. नाही म्हटलं तर लोक दुसऱ्या भट्टीवर जातील. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येईल कशावरून? मग तिचा चेहरा उजळला. "अगं, ही माणसं घरी नेऊन पाणीच तर घालतात! तेच मी इथं घातलं तर काय बिघडलं? कुणी रिकाम्या हातानं जाणार नाही, आणि माझी भट्टीही थंड पडणार नाही."

झालं! तिनं ओढ्याचं पाणी आणलं आणि प्रत्येक मडक्यात थोडं थोडं घातलं.

पुढच्या बाजाराला ती तानबाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तानबानं घोट घेतला, डोळे मिटले.

"यंदा," तानबा म्हणाला, "जरा सोज्वळ उतरली आहे."

"सोज्वळ! अगदी सोज्वळ!" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"आभाळामुळं फुलाचा उग्रपणा गेला," तानबानं समजावून सांगितलं. "ही खरी दारू. आधीची म्हणजे नुसता दांडगावा."

मग काय विचारता! कौतिकाची भीड चेपली. पुढच्या बाजाराला तिनं आणखी पाणी घातलं, त्याच्या पुढच्या बाजाराला आणखी. तानबाला कधी त्यात गारवा सापडला, कधी संयम सापडला. एकदा तर त्याला केवड्याचा वास आला. ओढ्याच्या पाण्याला केवड्याचा वास! वर्ष सरत आलं तेव्हा द्रोण काठोकाठ भरत होते आणि पिणारे दोन्ही पायांवर सरळ घरी जात होते. बायका म्हणायच्या, यंदा आमची माणसं सुधारली.

कौतिका हुशार होती, देवीचा जाळ ती विसरली नव्हती. पहिल्या धारेची, पाण्याचा थेंबही न घातलेली दारू तिनं एका मडक्यात वेगळी ठेवली होती. प्रसादाचं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण तिनं तो विचार झटकून टाकला. घोटभर तर असते. वर्षभर कुणाला कळलं नाही, ते आज काय कळणार?

जत्रेच्या दिवशी सारा गाव देवीपुढं गोळा झाला. कौतिकानं मडकं ठेवलं. पुनाआजीनं ओंजळ भरली, जाळावर टाकली आणि भपकन् निळी ज्योत उठली. आजीच्या पदराची कडच जळायची, थोडक्यात वाचली. लोकांनी जयजयकार केला. कौतिकाचा जीव भांड्यात पडला. आता आणखी एक वर्ष भट्टीला धक्का नव्हता.

मडकं फिरू लागलं. पहिला मान तानबाचा. त्यानं सवयीनं डोळे मिटले आणि घोट घेतला.

आणि डोळे खाडकन् उघडले! तोंड लाल झालं. ठसका लागला, तो काही केल्या थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"अरे, ही..." तानबा कसाबसा म्हणाला, "ही तर आपली जुनी दारू!"

दुसऱ्यानं घेतली, तिसऱ्यानं घेतली. जो तो ठसकत होता आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत होता. वर्षभर आपण काय पीत होतो, हे त्या एका घोटानं सगळ्यांना सांगितलं. ज्या मडक्यानं कौतिकाला वाचवायचं, त्याच मडक्यानं तिला पकडून दिलं होतं.

"पाणी घातलंस!" तानबा गरजला. सगळ्यांत जास्त तोच चिडला होता, कारण केवड्याचा वास त्यालाच आला होता ना! "वर्षभर आम्हाला पाणी पाजलंस! विझवा हिची भट्टी!"

"विझवा!" खडकावरचे सगळे दर्दी ओरडले.

पण कौतिका काही पदरात तोंड लपवणारी नव्हती. "घातलं पाणी," ती म्हणाली. "फुलंच नव्हती, तर काय करू? तुम्हाला रिकामं पाठवू? आणि तानबादादा, तुम्ही घरी नेऊन पाणी घालत नाही का? देवीसमोर सांगा!"

तानबा गडबडला. बाकीचेही खाली बघू लागले. कौतिकाला वाटलं, जिंकलं आपण.

तेवढ्यात पुनाआजी पुढं आली. "कौतिके, मी सांगते. मी तर निम्म्याला निम्मं पाणी घालते. म्हातारीला पातळच सोसते. तुझी यंदाची दारू मला फार आवडली, बघ."

"बघा!" कौतिका म्हणाली.

"थांब जरा. माझ्या द्रोणात किती पाणी घालायचं ते मी ठरवायचं, पोरी. तू ठरवलंस आणि वर मला सांगितलंही नाहीस. फुलं कमी आहेत हे तू एकदा तरी बोललीस का?"

"बोलले असते तर तुम्ही गेला असता दुसऱ्या भट्टीवर."

"तू विचारलंस?" आजी म्हणाली. "तुझ्या आजीच्या हातची प्यायलेली बाई मी. थोडी आहे म्हणाली असतीस, तर थोडी प्यायले असते. तुला आमची एवढीच पारख?"

कौतिकाची ताठ मान पहिल्यांदा खाली गेली. गिऱ्हाईक जाईल म्हणून ती वर्षभर भ्यायली होती, आणि ही माणसं कुठं जाणारच नव्हती. तिला रडू फुटलं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "भट्टी माझी मीच विझवते. दगडही मीच फेकते."

ती वळली, तेव्हा तिला अडवलं कुणी? तानबानं!

"थांब गं," तो खाकरून म्हणाला. "पाणी तू घातलंस खरं, पण त्याला सोज्वळ मी म्हणालो. पहिल्याच दिवशी मला चव उतरल्यासारखी वाटली होती. पण जिभेचा मोठेपणा आड आला. बोललो असतो, तर तूही तिथंच थांबली असतीस."

खडकावरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. ओशाळलेलं हसू एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर गेलं.

पुनाआजीनं पळसाचं एक पान घेतलं, अर्धं फाडलं आणि त्याचा एवढासा द्रोण वळला. अंगठा बुडेल इतकाच. देवीच्या मडक्यातली दारू त्यात घालून तिनं कौतिकाच्या हातात दिला. "उरलेल्या फुलांची अशीच गाळ. आणि एवढीच वाढ. नवी फुलं पडेपर्यंत पुरेल. देवीला मी समजावते."

तशी ती पुरली. कौतिकानं दारात दोन मडकी मांडली, एक पहिल्या धारेचं आणि एक पाणी घातलेलं, आणि येणाऱ्याला कुठलं कसलं ते आधी सांगू लागली. डोंगरापलीकडचे थोडे लोक द्रोण बघून फणकारले आणि निघून गेले. गावचा मात्र एकही गेला नाही. पुनाआजी दर बाजाराला पातळ मागून घ्यायची. तानबा डोळे उघडे ठेवून प्यायचा आणि कळलं नाही तर सरळ "कळलं नाही" म्हणायचा.

नव्या मोसमात फुलं उदंड आली, पण कौतिकानं द्रोण मोठा केला नाही. लोकांनीच करू दिला नाही. त्या गावात अजूनही अर्ध्या पानाचा द्रोण वळतात, म्हणे.

बोध एवढाच: कमी असेल तर कमी आहे म्हणून द्यावं, माणसं समजून घेतात, काठोकाठ भरून फसवलेलं मात्र त्यांच्या जिव्हारी लागतं.