पक्षिकन्येचे पंख

एका वृद्ध चित्रकाराच्या चित्रशाळेत एकदा एक शिष्या चार महिने एकच चित्र रंगवत होती. तिचे नाव वेणू. नगरात नवे नाट्यगृह उभे राहत होते आणि त्याच्या पडद्यासाठी वादळ अडवणाऱ्या पक्षिकन्येचे चित्र हवे होते. निवड दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची होती. आदल्या दुपारी गुरूंनी सर्व शिष्यांना बोलावले आणि वेणूला म्हटले, "आधी तुझे चित्र यांना दाखव."

वेणूने फलकावरचे वस्त्र दूर केले.

"अप्रतिम!" एक जण म्हणाला.

"साक्षात देवताच," दुसरी म्हणाली.

तिसऱ्याने नाक मुरडले, "रंग फार भडक झालेत."

त्र्यंबक नावाचा शिष्य मात्र अजून चित्रच न्याहाळत होता. त्याचे स्वतःचे चित्रही निवडीसाठी होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ही उडू शकणार नाही. एवढे मोठे पंख, पण पाठीवर काहीच नसल्यासारखी उभी आहे."

वेणूचा चेहरा लाल झाला. "पक्षिकन्या कोणी पाहिली आहे? कल्पनेतल्या पात्राला कसला आलाय भार? सरळ सांग ना, उद्या तुझे चित्र निवडले जावे म्हणून बोलतो आहेस!"

त्र्यंबकने मान खाली घातली.

एवढ्यात गुरू उठले. त्यांनी काही न बोलता फलक उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. सगळे चकित झाले.

"तिच्या हातात काय आहे?" त्यांनी पहिल्याला विचारले.

"तलवार... असावी."

"डोळे?"

"मिटलेले," दुसरी चाचरत म्हणाली.

"आणि भडक रंग कोणता?" तिसऱ्याला आठवेना.

गुरूंनी त्र्यंबककडे पाहिले. तो हळू आवाजात म्हणाला, "डाव्या हातात शंख आहे. घोट्यावर जुनी जखम. एक पीस नुकतेच तुटले आहे. डोळे उघडे आहेत आणि खालचा ओठ तिने दातांत धरला आहे. ती घाबरलेली आहे, पण जागचे हलणार नाही."

वेणू थक्क झाली. ती भीती तिने चितारली होती खरी. बोलली मात्र कुणापाशीच नव्हती.

गुरू म्हणाले, "मुली, स्तुती गोड लागते, दोष झोंबतो, म्हणून त्यांवरून माणूस ओळखू नकोस. बोलणाऱ्याने पाहिले किती, एवढेच बघ. न पाहता केलेली स्तुती आणि न पाहता काढलेला दोष, दोन्हींची किंमत सारखीच. आणि जी कुणीच पाहिलेली नाही, तिच्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? तिच्या पंखांचा भार तिच्या खांद्यांवर दिसला, तरच ठेवतील."

वेणूने स्वतः फलक सरळ केला आणि विचारले, "त्र्यंबक, भार नेमका कुठे यायला हवा?"

"खांदे पुढे झुकायला हवेत. गुडघा थोडा वाकायला हवा. पण... उद्या सकाळी निवड आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि तिने खांद्यांवरचा रंग खरवडायला घेतला.

सकाळी नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले. अर्धवट चित्राकडे त्यांनी ओझरते पाहिले आणि त्र्यंबकचे चित्र नेले. वेणूच्या डोळ्यांत पाणी आले. ते तिने लपवले नाही. पण कुंचला खाली ठेवला नाही.

नवव्या दिवशी चित्र पूर्ण झाले. सगळे भोवती जमले आणि पुन्हा "वा, वा!" झाले. तिने हसून हात जोडले आणि त्र्यंबकला पुढे येण्याची खूण केली. तो चित्रासमोर उभा राहिला. काही बोलेना, नुसता पाहत राहिला.

या वेळी वेणूला घाई नव्हती. त्याचे पाहून होईपर्यंत ती शांतपणे थांबली.