रिकाम्या पेट्यांची खाट

बर्फातल्या त्या चौकीवर हवालदार भागोजी ढमाल्यांनी दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या फोडून एक खाट ठोकली. जवान महिपतीचे पाय हिमदंशाने काळे पडले होते आणि तंबूतली जमीन म्हणजे नुसता बर्फ. हवामान निवळेना, त्यामुळे त्याला खाली नेणारं हेलिकॉप्टर नऊ दिवस आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी ते आलं आणि त्यातून तपासणीसाठी मेजर राजाध्यक्ष उतरले. खाट पाहताच ते कडाडले, "सरकारी पेट्या कुणाच्या हुकमाने फोडल्या? आजच्या आज होत्या तशा करून द्या!"

भागोजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. "करतो, साहेब. पण या पेट्या आल्या तेव्हा गोळ्यांनी भरलेल्या होत्या, आणि चौकीवर आम्ही अकरा जण होतो. आता सात उरलोय. होतं तसं करायचं, तर सुरुवात कुठून करू?"

तंबूत फक्त महिपतीचं कण्हणं ऐकू येत होतं. मेजरांनी वाकून खाटेची एक बाजू धरली.

"उचला," ते म्हणाले.

खाटेसकट महिपती हेलिकॉप्टरात चढला. खाली इस्पितळात त्याची बोटं कापावी लागली. पाय तेवढे वाचले.