सील न फोडलेला खेळ

मुलांनो, तळ्याकाठच्या एका जंगलात एक साळिंदर आपल्या पिल्लासह बिळात राहत असे. साळिंदराला वस्तू जपून ठेवण्याची भारी हौस. वापरण्याची नाही, फक्त जपण्याची. बिळात कोरी चटई गुंडाळून ठेवलेली असे आणि पिल्लू मातीवर झोपत असे. दर थंडीत तळ्यावर उत्तरेकडून बदकांचा थवा येई. त्यातल्या एका लहानग्या बदकीशी पिल्लाची घट्ट मैत्री होती. उन्हाळा लागला की थवा परत जाई.

त्या वर्षी कोल्ह्याने जंगलात व्हिडिओ गेमचे दुकान थाटले. नवा गेम दोघांनी मिळून खेळायचा होता. एकाने होडी वल्हवायची, दुसऱ्याने ती भोवऱ्यांतून वाचवायची. कोल्ह्याने दुकानामागची गुहा खोक्यांनी गच्च भरली, पण फळीवर दोनच खोकी मांडली. एक विकले गेले की तो गुपचूप आतून दुसरे आणी. कावळ्याला त्याने रोजच्या खाऊवर ओरडायला बसवले होते. "संपत आला! आज नाही घेतलात तर जन्मभर हळहळाल!" दुकानापुढे पहाटेपासून रांगा लागू लागल्या. रांगेत पोरे थोडी आणि थोरच फार. एरवी 'खेळात वेळ घालवू नका' म्हणून पोरांना दटावणारे रानडुक्कर दोन सशांना ढकलून पुढे घुसले. गेम कसला आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. रांग मोठी आहे, एवढेच त्याने पाहिले होते.

पिल्लाने पावसाळाभर उकरून साठवलेले सगळे कंद साळिंदराला दिले. "बाबा, बदकी जायच्या आत आणा हं."

साळिंदराची पाळी आली तेव्हा कोल्हा म्हणाला, "नुसता गेम मिळत नाही, काका. ही भोपळ्यांनी भरलेली पिशवीही घ्यावी लागेल."

"मला काय करायचीय पिशवी?"

"मग राहू द्या. मागे अस्वल उभंच आहे."

साळिंदराने मुकाट्याने दोन्ही घेतले. तेव्हा कोल्हा कानाशी येऊन म्हणाला, "आणि काका, सील फोडू नका. पुढच्या थंडीत लोक दुप्पट कंद देऊन घेऊन जातील."

झाले! घरी येताच साळिंदराने खोके उंच कोनाड्यात ठेवले. "हात लावायचा नाही!"

"पण बाबा, कंद माझे होते."

"आणि अक्कल कुणाची? सील फुटलं की भाव पडला. मोठा झालास की आभार मानशील माझे."

मोठ्यांचे हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. पुढे कोणी आभार मानले का, हे मात्र ते कधी सांगत नाहीत.

बदकी रोज येई. दोघे कोनाड्याखाली बसत. "चल, तू वल्हव," बदकी म्हणे, "भोवरा मी तोंडाने काढते. गुर्रर्र! बुडालास, शेंबड्या!" पिल्लू पोट धरून हसे आणि मग वर खोक्याकडे पाही. थवा निघायच्या आदल्या दिवशी त्याने पुन्हा विनवले, "बाबा, एकदाच. ती उद्या जाणार."

"पुढच्या वर्षी येईलच की. बदकं कुठे पळून जातायत?"

दुसऱ्या दिवशी बदकी उडून गेली.

पुढच्या थंडीत साळिंदर खोके घेऊन ऐटीत दुकानी गेले. पाहते तर काय, दाराबाहेर त्याच खोक्यांचा ढीग! कोल्ह्याकडे नवा गेम आला होता, म्हणून त्याने गुहा रिकामी केली होती. कावळा ओरडत होता, "भोपळ्यांच्या पिशवीवर जुना गेम फुकट!"

"अरे लबाडा, तू तर दुप्पट म्हणाला होतास!"

"मी घेईन असं कुठे म्हणालो, काका? लोक घेतील म्हणालो. शोधा लोक."

साळिंदराने घरी येऊन खोके पिल्लापुढे टाकले. "घे, खेळ आता. थवाही आलाय." पिल्लू खोके उचलून तळ्याकडे धावत सुटले. बदकी होती, पण तिची मान लांब झाली होती आणि आवाज बदलला होता. ती थव्यापासून जरा दूर, एका दगडावर उभी होती.

"थव्यावर नजर ठेवायचं काम आता माझ्याकडे आहे रे," ती म्हणाली. "खाली बघून चालत नाही."

"थोडाच वेळ."

"गेल्या वर्षी आणायचास की." ती रागावली नव्हती. एवढे बोलून ती पुन्हा आभाळ न्याहाळू लागली.

पिल्लू परतले. साळिंदराने बसल्या जागेवरून विचारले, "काय, खेळलात का?"

पिल्लाने खोके त्याच्या पायांशी ठेवले. "सील तसंच आहे, बाबा. ठेवा जपून."

तात्पर्य : दुकानदार 'संपत आला' म्हणतो तो माल पुन्हा येतो, पोरांचे खेळायचे वय पुन्हा येत नाही, म्हणून त्यांच्या खेळाचा भाव मोठ्यांनी करू नये.