उसनी हवा

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या पणजीनेही तिच्या पणजीकडून ऐकलं असेल इतक्या पूर्वी, एका उंच, थंड पठारावर एक राज्य होतं. त्या राज्यात सगळे सायकलवरून फिरत. तेव्हा सायकली कुठून आल्या, असं मध्येच विचारू नका. गोष्टीत होत्या, एवढं पुरे.

या राज्याच्या अगदी टोकाच्या गावात दोन जावा राहत. घरं दोन, अंगण एक. थोरलीला अभिमान बाळगायची फार हौस होती. तिला आपल्या पापडांचा अभिमान होता, आपल्या रांगोळीचा होता, आणि सगळ्यांत जास्त आपल्या लेकीचा, सगुणेचा होता. धाकटीला असं काही जमायचं नाही. ती आपली कामाला लागलेली असायची.

एकदा दोघी जावा जत्रेत पंप घ्यायला गेल्या. गावात तोवर एकही पंप नव्हता. एका म्हाताऱ्या दुकानदाराने दोन पंप पुढे ठेवले. एक पितळी, सोन्यासारखा झळझळणारा. दुसरा लोखंडी, काळा, लाकडी मुठीचा.

"बायांनो, नुसतं बघू नका," म्हातारा म्हणाला. "नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरा आणि वरून दट्ट्या दाबा. हवेने अंगठा उडवला तर पंपात दम आहे. आणि घरी नेल्यावर त्याच्या पोटातल्या चामड्याच्या वाटीला महिन्यातून एकदा एरंडेल चोळत जा. बाकी काही मागत नाही तो."

धाकटीने अंगठा लावून पाहिला आणि काळा पंप उचलला. थोरली म्हणाली, "माझ्या हाताला वंगण लागेल. मला पारख आहे. मला तो पितळी द्या."

पितळी पंप घरी आला तो थेट काचेच्या कपाटात जाऊन बसला. दर दसऱ्याला थोरली त्याला बाहेर काढी, चिंचेने घासून लखलखीत करी, हळदकुंकू वाही, आणि मायेने वरच्या भोकातून पळीभर तेल सोडी. तेल कुठलं? तर खोबरेल. लेकीच्या केसांना जे लावते तेच, घरातलं सगळ्यांत चांगलं. मग पंप पुन्हा कपाटात. वापरायचं नाव नाही. ओरखडे पडले असते ना!

धाकटीचा काळा पंप मात्र अंगणात उभा असे. ज्याला हवा त्याने न्यावा. "तुझा पंप म्हणजे गावचा पाणवठा झालाय गं," थोरली नाक मुरडून म्हणे. आता तुम्ही विचाराल, मग सगुणेच्या सायकलीत हवा कोण भरत होतं? सगुणा मुकाट्याने काकूच्या अंगणात जाई आणि भरून येई. आईला ते माहीत होतं. पण माहीत असलेल्या सगळ्याच गोष्टी माणूस बोलून दाखवतो असं थोडंच आहे?

अशी तीन वर्षं गेली. एके दिवशी राणीने दवंडी पिटवली. राज्याचं टपाल वाहायला बारा सायकलस्वार हवेत. अमुक दिवशी दुपारच्या नगाऱ्याचे बारा ठोके संपायच्या आत जो वेशीच्या आत येईल, त्याचाच विचार होईल. बाराव्या ठोक्याला वेस बंद. पुढची निवड सात वर्षांनी.

राजधानी नऊ कोस दूर होती, आणि वाट सगळी दगडगोट्यांची. पण सगुणेसारखी सायकल पंचक्रोशीत कोणी चालवत नव्हतं. त्या गावातून आजवर दरबारी कोणीच गेलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. थोरलीचे पाय जमिनीवर ठरेनात.

निघायच्या दिवशी सकाळी सगळं गाव अंगणात जमलं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. सगुणा पदर खोचून तयार होती. आदल्या संध्याकाळीच तिने काकूकडे दोन्ही चाकं टणक भरून ठेवली होती. आता फक्त पायडल मारायचं बाकी होतं.

तेवढ्यात थोरली पितळी पंप घेऊन बाहेर आली. उन्हात तो असा चमकला की चारदोन जण वा म्हणाले. ते ऐकलं आणि थोरलीला चेव चढला.

"हवा सोड, सगुणा."

"आई, अगं चाकं भरलेली आहेत."

"शेजारच्या पंपाने भरलेली! माझी लेक राणीच्या दारात उसन्या हवेवर जाणार नाही. आज आपल्या पंपाचा मुहूर्त आहे. सोड!"

सगुणा जागची हलली नाही. तेव्हा थोरलीने स्वतःच वाकून दोन्ही चाकांची हवा सोडली. फुस्स करून काकूची हवा अंगणभर झाली, आणि थोरलीने मोठ्या ऐटीत पंपाची नळी जोडून मूठ दाबली.

मूठ हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. अंगाचा भार टाकला. तेव्हा कुठे दट्ट्या करकरत खाली गेला आणि तिथेच रुतून बसला. चाकात फुंकरभरही हवा गेली नाही.

अंगणात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकूचा पंप आण," ती कशीबशी म्हणाली.

"पंप नाही हो, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "काल रात्रीच खालच्या गावचा विणकर घेऊन गेला. चाकं भरलेली होती, म्हणून दिला मी. आणायला जावं तर दुपार होईल."

थोरली मटकन खाली बसली. सात वर्षं. लेकीची सात वर्षं आपण आपल्या हाताने सोडून दिली, हे तिला एकदम कळलं. तिने सगुणेकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते आईला बघवेना.

"पंप नाही, पण हात आहेत," धाकटी तिच्या शेजारी बसत म्हणाली. "उघडा बघू तो. मी सांगते तसं करा."

"मी?"

"तुमचा पंप आहे ना?"

थोरलीने टोपण फिरवलं आणि दट्ट्या ओढून बाहेर काढला. आतून पांढराशुभ्र गोळा निघाला. तीन दसऱ्यांचं खोबरेल त्या थंडीत मेणासारखं गोठून बसलं होतं. त्याखालची चामड्याची वाटी तर वाळून कडक झाली होती, उन्हातल्या पापडासारखी. पापडातलं थोरलीला कळत होतं, त्यामुळे तिला ते लगेच समजलं.

मग थोरलीने पदर खोचला. पंपाची नळकांडी चुलीपाशी धरून तिने सगळं खोबरेल वितळवून पुसून काढलं. कोमट एरंडेल घेऊन ती चामड्याची वाटी बोटांनी मळत बसली, जशी पापडाची लाटी मळावी तशी. चामडं मऊ झालं. धाकटीने दाखवलं तशा तिने वाटीच्या कडा बाहेर पसरल्या आणि दट्ट्या आत घातला. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून मूठ दाबली.

काही नाही. आत जाताना कड दुमडली होती.

"पुन्हा," धाकटी म्हणाली.

थोरलीने पुन्हा काढला, पुन्हा कडा पसरल्या, आणि या वेळी वाटी हळूच फिरवत फिरवत आत उतरवली. अंगठा लावला. मूठ दाबली. आणि हवेने तिचा अंगठा फाटकन उडवून लावला.

"उडाला! माझा अंगठा उडाला!" थोरली ओरडली. अंगठा उडाल्याचा एवढा आनंद जगात आजवर कोणाला झाला नसेल.

दोन्ही चाकं तिने एकटीने भरली, बोटाने दाबून दबणार नाहीत इतकी. धाकटीने मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. ही माझी चूक आहे, माझ्याच दंडांनी भरून निघू दे." सगुणेने आईच्या वंगणाने काळ्या झालेल्या हातांवर डोकं टेकलं आणि निघाली. कपाळाला काळा डाग लागला, तो तिने पुसला नाही.

नगाऱ्याचा अकरावा ठोका पडत होता, तेव्हा तिचं पुढचं चाक वेशीच्या आत आलं.

हे गावात कळलं तिसऱ्या दिवशी, सगुणा खांद्याला दरबारचा तांबडा पट्टा लावून परतली तेव्हा. ती म्हणाली, "आई, दरबारच्या माणसाने सगळ्यांची चाकं दाबून पाहिली. दगडांच्या वाटेवरून येऊन कित्येकांची बसली होती. माझी टणक होती. त्याने विचारलं, हवा कोणी भरली? मी म्हटलं, हवा आईची, रीत काकूची."

थोरलीचा ऊर भरून आला. तिने आधी लेकीला जवळ घेतलं, मग जावेला. त्या संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या. वंगणाने काळा झालेला अंगठा थोरलीने तीन दिवस मुद्दामच घासून धुतला नव्हता. तोच पुढे करून ती प्रत्येकीला सांगत सुटली, "हे बघा. पंप मी उघडला. मी! दोनदा!" अभिमान बाळगायची हौस काही गेली नव्हती, आणि जावी असं कोणाला वाटलंही नाही. आता त्या अभिमानाला कारण होतं.

काचेच्या कपाटात त्या दिवसापासून लोणच्याच्या बरण्या आल्या. पितळी पंप अंगणात काळ्या पंपाशेजारी उभा राहिला. त्याला पोचे पडले, ओरखडे पडले, आणि महिन्याच्या महिन्याला एरंडेल मिळालं. सगुणा टपाल घेऊन गावात आली की कधी एकातून हवा भरी, कधी दुसऱ्यातून.

"जाऊबाई, तुमचाही पाणवठा झाला की," धाकटी एकदा म्हणाली.

"झाला बाई," थोरली म्हणाली, "आणि आटत नाही!"

तर लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: वस्तू नुसती मिरवली तर ऐन वेळी दगा देते, आणि अभिमान बाळगायचाच तर तिची निगा राखणाऱ्या आपल्या हातांचा बाळगावा.