राजापुढचे प्यादे

एका राज्यात बुद्धिबळ फार आणि बुद्धी जेमतेम होती. तिथल्या राजघराण्याचा कुळाचार असा, की पटावर राजापुढचे प्यादे जागचे हलवायचे नाही. राजा उघडा पडतो म्हणे! वजीर आणि उंट मागे कोंडून पडले तरी बेहत्तर.

कालकेतू मांत्रिकाला हे ठाऊक होते. वसंतोत्सवाच्या सामन्यांत त्याने राजकन्या हेमांगीला मंत्र टाकून चंदनाचे प्यादे केले आणि नेमके राजा रुद्रसेनाच्या पटावर राजापुढे उभे केले.

म्हणाला, “तीन डाव. एक जिंकलात तर कन्या तुमची. तिन्ही हरलात, किंवा मध्येच हे प्यादे मारले गेले, तर ती माझी.”

पहिल्या डावाला महाराजांनी डाव्या कोपऱ्यातले प्यादे पुढे केले. मात झाली. दुसऱ्या डावाला पुष्कळ विचार केला आणि उजव्या कोपऱ्यातले प्यादे पुढे केले. आता काय बोलावे? पुन्हा मात झाली.

तिसऱ्या डावाला कोणता कोपरा शुभ, हे महाराज राजज्योतिष्यांना विचारू लागले. खांबावरच्या बोलक्या राघूने कपाळाला पंजा लावला.

“महाराज, राजापुढचे प्यादे हलवा.”

“कुळाचार आहे.”

“कुळच उरणार नाही, महाराज.”

“आणि ती मारली गेली तर?” राजाने हळूच विचारले. खरी गोष्ट ही होती. कुळाचार नुसता तोंडी लावायला, आत बाप घाबरला होता.

तेव्हा चंदनाचे प्यादे बोलले. “बाबा, दोन डाव तुम्ही मला जपलेत. तरी मी लाकूडच आहे. आता सरकवा एकदाचे.”

राजाने डोळे मिटून ते प्यादे दोन घरे पुढे केले. कालकेतूचा हात थबकला. या सुरुवातीला उत्तर काय द्यायचे, हे तो कधी शिकलाच नव्हता, कारण या घराण्यापुढे गरजच पडली नव्हती. इकडे उंट सुटला, वजीर सुटला. राजा दर खेळीला घाम पुसे आणि राघू दर खेळीला “पुढे, पुढे” म्हणून ओरडे. होता होता प्यादे शत्रूच्या शेवटच्या घरात पोहोचले. तिथे प्याद्याचा वजीर होतो, हा तर खेळाचा नियमच. तिने शह दिला आणि मात झाली.

मंत्र उतरला, आणि टाकणाऱ्यावरच उलटला. कालकेतू पटावरचा काळा उंट झाला, आणि तिरकाच चालू लागला. हेमांगी उठून बापासमोर आली.

“बाबा, हे पहिल्याच डावाला केले असते तर?”

राजाने लेकीला घट्ट जवळ घेतले.

राज्य सुखी झाले. तेव्हापासून तिथे प्रत्येक डाव राजापुढच्या प्याद्यानेच सुरू करतात. कधी दुसरे काही खेळून पाहा म्हटले, तर म्हणतात, कुळाचार आहे.